परवान्याविना पाऊल : सोलापूरची सेटलमेंट आणि विमुक्तांची आत्मकथने

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले. पण ते बहुतांशी अनुभवाच्या अस्सलतेविषयी, बोलीविषयी, फार तर जातिव्यवस्थेच्या क्रौर्याविषयी. 'भटकेपणा' हा शब्द तिने जणू निसर्गदत्त गुणधर्म असावा तसा वापरला. माणसे हिंडतात ती अंगभूत ओढीने आणि कायदा त्यांच्या आयुष्यात येतो तो बाहेरून, छळाच्या रूपाने, असे हे गृहीत आहे. वस्तुतः हिंडण्यालाच गुन्हा ठरविणारी राज्यव्यवस्था हा या लेखनाचा गाभा होय. देशोदेशींच्या सीमांवर आज 'बेकायदा स्थलांतरित' ही जी कोटी वापरली जाते, तिचे एक एतद्देशीय पूर्वरूप सोलापुरात सापडते.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. हातमाग आणि गिरण्या यांच्या आधाराने तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले. ते निजामाच्या राज्यातून ब्रिटिश मुलखात येत होते. म्हणजे शब्दशः एक राज्य सोडून दुसऱ्यात. तरीही त्यांचे येणे गुन्हा ठरले नाही. त्याच शहरात काटेरी तारेच्या कुंपणाआड 'गुन्हेगार जमातीं'ची वसाहत होती. १८७१ चा कायदा १९११ मध्ये विस्तारला आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. कुंपणातील माणसेही गिरण्यांत राबत. मात्र परवान्याशिवाय वसाहत सोडणे हा त्यांच्यासाठी शिक्षापात्र अपराध होता. एकाने राज्याची सीमा ओलांडली आणि तो कामगार झाला. दुसऱ्याने तार ओलांडली की तो फरारी. बेकायदेशीरपणा सीमारेषेत नव्हता, तो जन्माबरोबर माणसाच्या अंगी चिकटवलेला होता. दक्षिण आफ्रिकेतील पासचे कायदे १९८६ पर्यंत हेच करीत होते, आणि आखाती देशांत मालकाचे काम सोडणारा मजूर रातोरात 'फरारी' कसा होतो, हे तेथे गेलेल्यांच्या घरी ठाऊक असते.

या दृष्टीने पाहता दोन्ही आत्मकथनांतील अंतर स्पष्ट होते. 'उपरा'चे शीर्षकच परकेपणाचा उच्चार करते. परंतु माने यांच्या निवेदनाचा ताण पुढे आंतरजातीय विवाह आणि जातपंचायतीचा बहिष्कार यांकडे सरकतो. बहिष्कृत करणारी सत्ता तेथे जमातीच्या आतच सापडते आणि राज्यसंस्था मागे पडते. वाचकाला हे सोयीचे झाले, असेही म्हणता येईल. बांधणी म्हणून 'उपरा' अधिक एकसंध आहे. 'उचल्या' विस्कळीत आहे, प्रसंगांची रास घालीत जाते. पण तिच्यात पोलीस घराबाहेर कधी जातच नाही. वडीलधाऱ्यांची हजेरी, संशय, झडती यांनी तेथील कुटुंबजीवनाची दिनचर्या आखली जाते. शिवाय चोरी हाच घरचा व्यवसाय होता, हे गायकवाड लपवीत नाहीत. मग कायदा योग्यच होता काय, हा अडचणीचा प्रश्न ही संहिता वाचकापुढे ठेवते. आधी रोजगाराचे मार्ग रोखायचे आणि मग उरलेला मार्ग हा स्वभाव म्हणून नोंदवायचा, हा व्यूह तिच्यातूनच उलगडतो. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या व्यूहाची चर्चा मात्र क्वचितच झाली.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभर १९५२ मध्ये रद्द झाला. 'विमुक्त' हे नाव तेव्हाचे. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता अजून लिहिला जातो. जातीच्या दाखल्यासाठी या जमातींकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे घर म्हणजे गाढवावर लादलेले पाल, त्यांच्या नावची घरपट्टी कोठून निघावी? पुष्कळांची नावे कागदावर चढली होती ती एकाच ठिकाणी, पोलिसांच्या हजेरीवहीत.