पोरवयातली कोरफड

कोरफडीचं कौतुक होतं ते बहुधा तिच्या गरासाठी. पान कापायचं, गर काढायचा, केसांना चोळायचा. झाड म्हणून तिच्याकडे निरखून पाहणारे थोडे. माझ्या मते ती सर्वांत देखणी दिसते ती पोरवयात, आईच्या बुंध्यापासून नुकतीच वेगळी होऊन लहानशा कुंडीत एकटी उभी असताना.

थोरल्या कोरफडीची पानं बुंध्याभोवती चक्राकार पसरतात. पिल्लाची पानं मात्र दोनच रांगांत, एकमेकांसमोर, एकावर एक रचलेली असतात. अंगावर पांढुरके ठिपके, कडेचे काटे अजून मऊ. रोप वाढतं तसा त्या रांगांना हळूहळू पीळ पडतो आणि ठिपके विरत जातात. काही वाणांत ते मोठेपणीही टिकतात. म्हणून ठिपके पाहून ‘ही खरी कोरफड नव्हे’ असं म्हणणं घाईचं ठरतं.

या आकारामागे कोरड्या प्रदेशातलं जगणं आहे. कोरफडीचं मूळ घर अरबी द्वीपकल्पातलं, ओमानच्या हजर पर्वताच्या बाजूचं. तिथल्या उन्हात पाणी वाचवायचं म्हणून ती दिवसा पर्णरंध्रं मिटून घेते. रात्री ती उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसाच्या उजेडात त्याचं अन्न करते. वरून मेणचट साल, आत पाण्याने भरलेला गर. आपल्याकडे दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीशिवाय महिनोन्‌महिने हिरवी राहते ती याच काटकसरीवर. पिल्लाचा स्वभाव तोच, पण साठा लहान आणि मुळं थोडी. घरात त्याची निगा राखताना एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ साधतं.

बाकीचं रोप स्वतःच सांगतं. पानं लांबट, फिकी होऊन आडवी पडली तर उजेड कमी पडतोय. तांबूस छटा आली तर ऊन एकदम वाढलंय. पान पातळ होऊन कडा पन्हळीसारख्या आत वळल्या तर तहान आहे. बुडाशी ते मऊ, पाणचट झालं तर पाणी जास्त झालंय आणि मुळं सडू लागली आहेत. शेवटच्या दोन खुणा नीट ओळखता यायला हव्यात. मलूल रोप दिसलं की हात आधी तांब्याकडे जातो, आणि घरातली बहुतेक पिल्लं तहानेपेक्षा या मायेनेच दगावतात.

म्हणून पिल्लाला स्वतःची मुळं फुटल्यावरच वेगळं करावं, आणि कापलेली जागा एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावी. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली आणि मुळांच्या पसाऱ्याहून थोडीच मोठी असावी. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती फार काळ ओली राहते. मातीत जाड वाळू सढळ हाताने मिसळावी, खत मोजकंच घालावं. जागा खिडकीपाशी, सकाळचं कोवळं ऊन येईल अशी. पाणी द्यायचं तेव्हा बुडातून निथळेपर्यंत द्यावं. पुन्हा द्यायचं ते माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. कोकणात, मुंबईत पावसाळाभर हवाच इतकी ओली असते की त्या दिवसांत पाण्याचा हात आणखी आखडावा. पिठ्या ढेकूणही याच बेचक्यात दडतो. तो दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा.

आणि गराची घाई नको. नवं पान नेहमी मधून येतं, जुनं बाहेर सरकतं. लहान रोपाचं प्रत्येक पान म्हणजे त्याचा पाणीसाठाच. त्यातलं एक गेलं तरी वाढ खुंटते. रोप चांगलं भरलं, बाहेरची पानं जाड झाली की सर्वांत बाहेरचं एकच पान बुडाशी कापावं. सालीखालून निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा. त्यातलं अ‍ॅलोइन पोटात गेलं तर जुलाब होतात. मांजरं-कुत्र्यांना तर कोरफड बाधते, तेव्हा कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही इतकी उंच ठेवावी.