कात्रणाची मागची बाजू

माझ्याकडे ‘चिंटू’ या चित्रपट्टीचं एक कात्रण आहे. शंभरपानी वहीत डिंकानं चिकटवलेलं. इतक्या वर्षांत डिंक वाळून काचेसारखा झाला आणि मागच्या उन्हाळ्यात वही उघडली तेव्हा कात्रण आपसूक सुटून हातात आलं. कागद बिस्किटाच्या रंगाचा झालेला, घडीवर जरा चिरलेला. पुढे चिंटू पप्पूशी काहीतरी बोलतोय. मागची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मागे कात्रीनं उभा चिरलेला एक रकाना होता: सास्तूर, होळी, मंगरूळ, एकोंडी, आणि त्यांच्या समोर पत्रे, घोंगड्या, तंबू. म्हणजे हे कात्रण ऑक्टोबर १९९३चं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला धरणी हलली, बावन्न गावं उद्ध्वस्त झाली, आणि त्यानंतरच्या कुठल्यातरी सकाळी लातूरहून पुण्याला शिकायला गेलेला एक मुलगा कात्री घेऊन चिंटू कापत बसला होता. घरच्यांची खुशाली कळली होती म्हणूनच कापत होता, एवढं आठवतं. तारीख मात्र लिहून ठेवली नाही.

वर्तमानपत्रातल्या चित्रपट्ट्या जपण्याचं आणि इंटरनेटवरून वाटण्याचं जे काम आज मराठीत चाललंय, त्याबद्दल लिहायचं तर मला या कात्रणापासूनच सुरुवात करावी लागते. आपण पट्टी जपतो, पान जपत नाही. चित्रं आज आपल्याजवळ कधी नव्हती इतकी जमली आहेत, आणि त्यांच्याविषयीची माहिती मात्र रोज गळते आहे.

आमच्या भागात छापील चित्र मुळात उशिरा आणि लांबून आलं. नांदेडला हैदराबाद–मनमाड मार्गाची गाडी विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाली. लातूरला बार्शी लाइट १९११ साली पोचली, अडीच फुटी रुळांवरून, कुर्डुवाडीहून. मुंबई-पुण्याचे अंक याच दोन वाटांनी यायचे, म्हणजे नांदेडला मनमाडवरून आणि लातूरला कुर्डुवाडीवरून. राज्य निजामाचं, कारभार उर्दूत, बाहेरच्या वर्तमानपत्रांवर सरकारची नजर. ब्रिटिश मुलखात १८६७च्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद व्हायची. तो कायदा इथे नव्हताच. त्यामुळे १९४८च्या आधी मराठवाड्यात काय छापलं गेलं आणि काय वाचलं गेलं, याचा माग काढायला घरोघरच्या ट्रंका आणि माळे एवढाच आधार उरतो.

त्या काळातलं मराठी हास्यचित्र पाहायचं तर शंकरराव किर्लोस्कर ऊर्फ ‘शंवाकि’ यांच्याकडे जावं लागतं. १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याचं वृत्तपत्र म्हणून सुरू झालेलं हे मासिक शंवाकिंच्या हातात घराघरांतलं झालं, आणि त्यांच्या ‘टाकांच्या फेकी’ तिथूनच लोकांना माहीत झाल्या. चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातातला हा टाक होता. आकृती पक्की, फटका नेमका. पण मासिकातलं चित्र वेगळं आणि रोजच्या अंकात रोज भेटणारं पात्र वेगळं. १९०५मध्ये अमेरिकेत विन्सर मॅकेचा ‘लिटल निमो’ रविवारच्या अख्ख्या पानावर रंगीत स्वप्नं पाहत होता, १९१३पासून जॉर्ज हेरिमनची ‘क्रेझी कॅट’ विटांचा मार खात होती. आपल्याकडे त्या वेळी दैनिकाला रोजची पट्टी परवडणं अवघड होतं. प्रत्येक चित्राचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे आणि ब्लॉकमेकर असायचा मोठ्या शहरात. खिळे जुळवून अंक काढणाऱ्या जिल्ह्याच्या छापखान्यात एकदा आणलेला ब्लॉक पुन्हा पुन्हा वापरला जायचा. गणपतीला गणपती, पोळ्याला बैल. ही गरिबी कल्पनेची नव्हती. खर्चच झेपत नसे.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली वर्तमानपत्री पट्टी आमच्याकडे आली ती आडवाटेनं, पुस्तिका होऊन. लातूरच्या बसस्टँडवर, नांदेडच्या रेल्वे स्टेशनवर दोरीला चिमट्यानं लटकवलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून. ली फॉकचा मॅन्ड्रेक १९३४चा, फँटम १७ फेब्रुवारी १९३६चा, आणि दोघेही दैनिकांतल्या पट्ट्यांतून जन्मलेले. टाइम्स समूहानं मार्च १९६४मध्ये इंद्रजाल सुरू केलं. फँटम मराठीत वेताळ झाला, त्याचा बेंगाला देश डेंकाली झाला, सिंग चाचे सिंगा झाले. १९९०ला मालिका बंद पडली तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते.

या अंकांचं एक पान जवळून बघावं. मूळ पट्टी आडवी, तीन-चार चौकटींची. पुस्तिकेचं पान उभं. म्हणून चौकटी सोडवायच्या, काही बाजूनं छाटायच्या, काही वाढवायच्या आणि एकाखाली एक रचायच्या. मूळ फुगे इंग्रजी अक्षरांच्या मापाचे. इंग्रजीची मोठी अक्षरं एका उंचीत बसतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. अक्षरं काढणाऱ्यानं दोन ओळींमधली जागा इतकी आवळलेली असते की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर टेकतो. कुठे ओळ संपवायला शब्द मधेच मोडलाय, कुठे वाक्य पार आटोपशीर केलंय. त्या आटोपशीर वाक्यांनी वेताळाला मराठीत एक तुटक, ठाम बोली दिली. लहानपणी आम्ही भांडताना तीच बोलायचो. अनुवादकाचं नाव नाही, अक्षरं काढणाऱ्याचं तर नाहीच नाही. मराठी हास्यचित्राच्या इतिहासात या निनावी हातांना एक प्रकरण मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ते प्रकरण लिहायला साधन कुठलं? चाहत्यांनी घरी स्कॅन केलेले अंक. इंद्रजालच्या जुन्या अंकांचं जे काही आज पडद्यावर वाचता येतं, ते बहुतांश या वेड्या माणसांमुळे. रद्दीच्या दुकानात उकिडवं बसून गठ्ठे उपसायचे, पिना काढून पानं सुटी करायची, एकेक पान काचेवर ठेवायचं, फाटलेला कोपरा दुसऱ्या प्रतीवरून जुळवायचा. हे कायद्याला धरून नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. हक्क दुसऱ्यांचे आहेत. अमेरिकेतल्या नियमानं फँटमची पहिली पट्टीसुद्धा १ जानेवारी २०३२लाच मोकळी होईल. पण हक्क असणाऱ्यांनी मराठी आवृत्त्या जपल्याचं मला कुठे दिसलेलं नाही, आणि चाहत्यांनी हात आखडता घेतला असता तर हक्क कशावर सांगायचा, हाच प्रश्न उरला असता. मी या माणसांच्या बाजूचा आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. यातले कितीतरी जण पानं ‘स्वच्छ’ करतात. पिवळेपणा घालवायचा, डाग पुसायचे, रंग भडक करायचे. शेवटी जे दिसतं ते १९७०चं पान नसतं. कागद किती स्वस्त होता, लाल रंग रेषेबाहेर किती सरकायचा, शेवटच्या पानावर कुठल्या गोळ्यांची जाहिरात होती, सगळं पुसलं जातं. जाहिरातीची पानं तर स्कॅन करताना सर्रास गाळतात. वाचकाला गोष्ट हवी असते हे खरं, पण जतन करणाऱ्याला पिनेचं भोकसुद्धा हवं.

अमेरिकेतल्या बिल ब्लॅकबिअर्डची हकिकत इथे आठवते. साठच्या दशकात तिथल्या ग्रंथालयांनी जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मायक्रोफिल्म करून काढून टाकायला सुरुवात केली. मायक्रोफिल्म काळीपांढरी, रविवारची रंगीत पट्टी तिच्यात राखेसारखी दिसते. या माणसानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरात एक संस्था थाटली आणि टाकून दिलेले खंड आणायला लागला. तीस वर्षांनी तो संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठात गेला तेव्हा सहा अजस्र ट्रक लागले, वजन पंचाहत्तर टन. आज हेरिमन आणि मॅकेची सुबक पुस्तकं निघतात त्यांच्या मुळाशी हा संग्रह आहे. पण ब्लॅकबिअर्डनंही लाखो पट्ट्या कापूनच ठेवल्या. सगळ्यात मोठा राखणदारही शेवटी कात्री घेऊनच बसला होता.

आपल्याकडे एवढ्या मापाचा माणूस नाही, पण नांदेडला एक माणूस आहे. मधुकर धर्मापुरीकर. कथाकार म्हणून आणि आर. के. नारायण यांच्या ‘मालगुडी डेज’चे अनुवादक म्हणून वाचक त्यांना ओळखतात, पण वर्षानुवर्षं हास्यचित्रं गोळा करून, त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा बघून त्यांनी जे लिहिलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. ‘हसऱ्या रेषेतून हसवण्याच्या पलीकडले’ हे त्यांच्या पुस्तकाचं नाव. मराठीत हास्यचित्रावर लिहिणारे बहुतेक जण विनोद सांगून मोकळे होतात. धर्मापुरीकर चित्र वाचतात, म्हणजे रेष कुठे थांबली, पात्राची नजर कुठे आहे, मजकूर काढून टाकला तर काय उरतं. पुण्या-मुंबईतल्या छापखान्यांपासून इतक्या दूर, गोदाकाठी बसून हे घडलं, आणि मला वाटतं दूर असल्यामुळेच घडलं. ज्याला चित्रं सहज मिळतात तो ती साठवत नाही.

पण संग्रह एका माणसाच्या घरात असणं आणि तो सगळ्यांना बघता येणं यात मोठं अंतर आहे. ते अंतर भरून काढायचं काम आज व्हॉट्सॲप करतंय, आणि फार वाईट करतंय. हास्यचित्रकार वसंत सरवट्यांचं चित्र येतं तेव्हा खालची सही कापलेली असते. शि. द. फडणिसांचं शब्दाविना बोलणारं चित्र येतं तेव्हा त्याच्या डोक्यावर कुणीतरी ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं असतं. दर वेळी पुढे ढकलताना चित्र आणखी दाबलं जातं, बारीक रेषा फुटते, छटा देण्यासाठी वापरलेल्या ठिपक्यांचा चिखल होतो. फाइलचं नाव ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे. अंक कुठला, वर्ष कुठलं, कुणालाच ठाऊक नाही. पाचशे लोक हसतात आणि चित्रकार मात्र निनावी होऊन जातो.

चिंटूचं तसं झालं नाही, कारण त्याचं पात्रच त्याची ओळख आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी नोव्हेंबर १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये त्याला आणलं. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, सोनू असं अख्खं आवार त्यांनी उभं केलं, पुस्तकं निघाली, २०१२मध्ये सिनेमाही आला. रोजची मराठी पट्टी इतकी वर्षं चालू शकते हे या दोघांनी दाखवलं. तीन चौकटींत त्यांनी फार कमी रेषा वापरल्या, आणि म्हणूनच स्वस्त वृत्तपत्री कागदावरही चिंटू स्पष्ट दिसायचा. पण पुस्तकात पट्टी येते, त्या दिवसाचं पान येत नाही. शाळेला अचानक सुटी मिळाल्याचा आनंद पट्टीत असेल, तर त्या दिवशी शेजारच्या रकान्यात पावसाची बातमी होती का, हे पुस्तक सांगू शकत नाही.

सगळ्यात मोठं भगदाड आहे ते जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत. नांदेडचं ‘प्रजावाणी’, लातूरचं ‘एकमत’ यांसारख्या अंकांत ऑफसेट आल्यानंतर चित्र छापणं सोपं झालं, आणि स्थानिक हातांना जागा मिळाली. अशा अंकांतली चित्रं बेतास बात असतील, हात कच्चे असतील, पण मोंढ्यातला आडत्या, एसटीच्या टपावर चढलेला माणूस, टँकरपुढची घागरींची रांग ही त्यांनी मुंबईच्या चित्रकारांआधी आणि खरी काढली. घागरीचा गळा कुठे धरतात हे ज्यानं रांगेत उभं राहून पाहिलंय त्याच्या रेषेत ते दिसतं. ही चित्रं कुणी कापून ठेवली नाहीत, कारण ती ‘आपल्याच गावच्या कुणीतरी’ काढलेली. छापलेली पुस्तकं ग्रंथालयांना द्यायला लावणाऱ्या १९५४च्या कायद्यात १९५६मध्ये वर्तमानपत्रांचा समावेश झाला, तेव्हापासून अंक कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांत जायला हवेत. इथल्या चित्राचा शोध घ्यायला इथल्या माणसानं कोलकात्याला जायचं? आणि आजचे ई-पेपर तर त्याहून क्षणभंगुर. ठरावीक दिवसांनी मागचा अंक उघडतच नाही.

काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातल्या एका वाचनालयात जुन्या फाइली पाहायला गेलो. मी विचारलं तेव्हा ग्रंथपालांनी कपाटाकडे बोट दाखवलं. कपाट रिकामं होतं. निर्लेखन रीतसर झालं होतं, ठराव होता, रद्दीची पावती होती, तिच्यावर किलोचा आकडा होता. त्यांनी नियम मोडला नव्हता. जागा कमी, अनुदान तुटपुंजं, कसर लागलेली. मी पावतीवरचा आकडा वहीत उतरवून घेतला, दुसरं काय करणार?

परवानगीचं घोडं पुष्कळदा पुढे केलं जातं. आपल्या कायद्यानं चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं हक्क राहतात. शंवाकि १९७५मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या फेकी २०३५ संपेपर्यंत मोकळ्या होणार नाहीत. पण निनावी चित्रांना छापल्यापासून साठच वर्षं. साठ-बासष्ट सालच्या जिल्हा वृत्तपत्रातलं सहीविना चित्र आजच मोकळं आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयानं हक्कमुक्त जुनी पुस्तकं इंटरनेटवर ठेवून दाखवली आहेत. नांदेडला १९९४पासून विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे, पत्रकारिता शिकणारी मुलं आहेत. एका मुलानं एका वर्तमानपत्राचं एक वर्ष घ्यावं. पूर्ण पान, निदान ३०० डीपीआयनं, रंगात, काहीही न पुसता. आणि फाइलच्या नावात वर्तमानपत्र, आवृत्ती, तारीख, पान. चित्रातला मजकूर खाली टाइप करावा, म्हणजे ‘टँकर’ शोधलं तर टँकर सापडेल. याला मोठी यंत्रं लागत नाहीत.

माझ्या वहीत एकूण दोनशे चौदा कात्रणं आहेत. आता मी ती एकेक करून वाफेवर सोडवतोय आणि दोन्ही बाजू स्कॅन करतोय. एकाच्या मागे तुरीचा आणि करडईचा भाव निघाला, एकाच्या मागे दहावीच्या निकालाची निम्मी जाहिरात. भावांवरून महिना काढता येतोय, वर्ष अजून जुळत नाही. मोंढ्यातल्या एका जुन्या आडत्याकडे त्या काळच्या वह्या आहेत असं कळलंय. येत्या रविवारी कात्रण घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे.