स्तनपान, जनुक आणि बुद्ध्यंक : एका निष्कर्षाची चिकित्सा

बालकाच्या बौद्धिक विकासात आनुवंशिकता श्रेष्ठ की परिवेश, हा वाद आता मागे पडला असून दोहोंच्या आंतरक्रियेवर भर दिला जातो. मात्र अशी आंतरक्रिया गृहीत धरणे जितके सोपे, तितकेच ती सिद्ध करणे कठीण आहे. अवशालोम कॅस्पी व सहकाऱ्यांचे २००७ मधील बहुचर्चित संशोधन या संदर्भात तपासण्याजोगे आहे.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेली मुले आणि ब्रिटनमधील जुळी मुले यांच्या अभ्यासावरून त्यांनी असे प्रतिपादन केले की, एफएडीएस-२ या जनुकाचे ‘सी’ रूप असलेल्या मुलांचा बुद्ध्यंक स्तनपानामुळे सहा-सात गुणांनी वाढतो. माता व पिता दोघांकडूनही ‘जी’ रूप मिळालेल्या मुलांना हा लाभ होत नाही. हे जनुक मेदाम्लांचे रूपांतर घडविणारे विकर निर्माण करते, तर मेंदूच्या वाढीस आवश्यक अशी दीर्घ साखळीची मेदाम्ले मातेच्या दुधात तयारच असतात. त्यामुळे ही उपपत्ती आकर्षक ठरली.

तथापि तीत एक तार्किक अडचण आहे. ‘जी-जी’ मुलांमध्ये हे रूपांतर मंद होत असेल, तर तयार मेदाम्लांची गरज त्यांनाच अधिक भासावयास हवी. ब्रिस्टल परिसरातील सुमारे सहा हजार मुलांच्या २०१० मधील अभ्यासात नेमके तसेच दिसले. म्हणजे आंतरक्रिया आढळली, पण उलट दिशेने! अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही मूळ निष्कर्षास पुष्टी मिळाली नाही. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत ‘जी-जी’ मुले दहात एकाहूनही कमी असतात. त्यांतून स्तनपान न मिळालेली मुले वेगळी काढल्यास हजारांच्या नमुन्यातही मोजकीच उरतात, आणि सारा निष्कर्ष त्यांच्यावरच उभा असतो.

याहून मूलभूत आक्षेप ‘परिवेश’ या संकल्पनेविषयी आहे. येथे दूध देणारी आणि निम्मी जनुके देणारी व्यक्ती एकच आहे. मातेचे शिक्षण, बुद्ध्यंक व आर्थिक स्थिती यांचा स्तनपानाशी संबंध असतो. कॅस्पी यांनी मातेचा बुद्ध्यंक व सामाजिक स्तर विचारात घेतला होता, हे मान्य करावयास हवे. परंतु सांख्यिकीय नियंत्रण ही प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. बेलारूसमध्ये सतरा हजारांहून अधिक अर्भकांवर स्तनपान-प्रोत्साहनाचा यादृच्छिक प्रयोग झाला. त्यात साडेसहाव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यंकात ७.५ गुणांचा फरक दिसला, पण चाचणी घेणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना मुलांचा गट ठाऊक होता. सोळाव्या वर्षी शाब्दिक क्षमतेतील फरक १.४ गुणांवर आला.

फेनिलकिटोन्युरियाची स्थिती निराळी आहे. तेथे विकराचा दोष ज्ञात आहे, रक्तात साचणारे द्रव्य मोजता येते आणि जन्मानंतर लगेच आहार बदलल्यास मुलाची गंभीर बौद्धिक हानी टळते. स्तनपानाच्या संशोधनात या साखळीतील मधले दुवे मोजलेच गेले नव्हते. मुलांच्या रक्तातील मेदाम्ले न तपासताच जनुकावरून थेट बुद्ध्यंकाचे अनुमान काढले गेले.