एका सुरातले उत्तर

प्रत्येक संस्कृतीला तत्त्वज्ञान असते काय, असे कोणी विचारले की आपण मोठ्या मनाने 'असतेच' म्हणून मोकळे होतो. या उत्तरात औदार्य कितपत आहे, हे आफ्रिकेविषयीच्या दोन ग्रंथांवरून पारखण्याजोगे आहे.

पहिला ग्रंथ १९४५ चा, 'बांतू तत्त्वज्ञान'. लेखक प्लासिड टेम्पल्स हे बेल्जियन काँगोत राहिलेले मिशनरी. बांतूंच्या लेखी अस्तित्व म्हणजेच शक्ती, हा त्यांचा सिद्धान्त. ज्यांना गोरे राज्यकर्ते विचारशून्य समजत, त्यांच्या जगण्यामागे सुसंगत विचार आहे असे त्यांनी सांगितले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु सारे बांतू एकच विचार करतात, आणि तो शब्दांत मांडायला मात्र पाद्री लागतो! बेनिनचे विचारवंत पॉलिन हुंतोंजी यांनी १९७६ मध्ये या एकमताच्या कल्पनेवर नेमके बोट ठेवले.

मी शाळामास्तर आहे. साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, की विचार कोणी केला हे मला कळत नाही. मागच्या बाकावरून कोणी 'पण गुरुजी' म्हणाला, की कळते.

हुंतोंजींचा लिखित ग्रंथांवरचा भर मात्र मला पटत नाही. सॉक्रेटिसाने तरी कोठे लिहिले? म्हणूनच केनियाचे हेन्री ओडेरा ओरुका यांचा १९९० चा 'सेज फिलॉसॉफी' हा ग्रंथ मला मोलाचा वाटतो. त्यांनी खेड्यांतील वृद्धांशी झालेले संवाद नावानिशी दिले, आणि परंपरा नुसती सांगणारा व तिला प्रश्न विचारणारा, असे दोन जाणते वेगळे केले. लुओ जमातीचे म्बुया आकोको म्हणतात की, आपल्या लोकांचा देव निराळा, ही लुओंची समजूत चुकीची होती. देव अनेक असते तर त्यांच्या भांडणात सृष्टीची घडी विस्कटली असती, आणि ती तर सर्वत्र सारखीच चालते. हा युक्तिवाद कोणाला लंगडा वाटेल, पण तो त्यांचा स्वतःचा आहे.

प्रश्न ओरुकांनी विचारले म्हणून उत्तरे निघाली, असा आक्षेप येतो. तो खरा आहे. पण विचारल्यावाचून आपण तरी कोठे बोलतो?

तेव्हा एखाद्या समाजाला तत्त्वज्ञान बहाल करण्यापूर्वी त्यातल्या 'पण' म्हणणाऱ्या माणसाचे नाव विचारून घ्यावे. ते सापडत नसेल, तर आपण पुरेसे ऐकलेले नाही, असे मी समजेन.