ऋतू, कष्ट आणि कुटुंबस्मृती : तीन मराठी स्मृतिकथनांच्या आधारे एक विचार

प्रास्ताविक

मराठी साहित्याच्या अध्यापनात ऋतूंचा विचार बहुधा ‘निसर्गवर्णन’ या मथळ्याखाली केला जातो. पाठ्यपुस्तकांतील स्वाध्यायापासून पदव्युत्तर परीक्षेतील प्रश्नांपर्यंत ही सवय मुरलेली दिसते. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाने चैत्रापासून एकेका महिन्याचा वेध घेत मराठी ललित गद्याला निसर्ग पाहण्याची स्वतंत्र दृष्टी दिली, हे निर्विवाद होय. तथापि त्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी पाहणारी दृष्टी आहे, घर नव्हे. जेव्हा लेखक किंवा लेखिका आपल्या कुटुंबाची आठवण सांगू लागते तेव्हा ऋतूचे स्वरूप बदलते. तो देखावा राहत नाही. घरातील कामांची, अन्नाची आणि अधिकाराची वाटणी करणारा घटक बनतो.

प्रस्तुत लेखात साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि आनंद यादव यांचे ‘झोंबी’ (१९८७) या तीन कृतींच्या आधारे हा मुद्दा तपासावयाचा आहे. पहिली कृती कोकणातील ब्राह्मण कुटुंबाची, दुसरी पुरंदर परिसरातील महारवाड्याची आणि तिसरी कागलच्या कुळवाडी घराची आहे. ‘श्यामची आई’ला काटेकोर अर्थाने आत्मचरित्र म्हणता येणार नाही, परंतु तिचा पाया आत्मकथनात्मक असल्याने तिचा येथे समावेश केला आहे.

दोन कालगणना

मराठी घराच्या वर्षाला दोन कालगणना आहेत. सण, व्रते आणि श्राद्धे चांद्र तिथींनी चालतात. शेतीची कामे सूर्यनक्षत्रांनी चालतात. जून महिन्याच्या ७-८ तारखेच्या सुमारास मृग लागतो तो दरवर्षी जवळपास त्याच दिवशी. वटपौर्णिमा मात्र मागेपुढे सरकते आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी येणारा अधिक मास हा हिशेब पुन्हा जुळवून आणतो. संस्कृत काव्यपरंपरेने दिलेले सहा ऋतू ही तिसरी, मुख्यतः ग्रंथातील कालगणना होय. घराच्या बोलीत वसंत, हेमंत हे शब्द क्वचितच येतात. तेथे आगोट असते, सुगी असते, हंगाम असतो, वाळवणाचे दिवस असतात आणि पावसाळ्याची बेगमी असते. हे सर्व शब्द कामाचे आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

कुटुंबाची आठवण या दोहोंपैकी कोणत्या कालगणनेने बांधली गेली आहे, यावरून निवेदकाचे घरातील आणि समाजातील स्थान बरेचसे कळते. ज्या घरात धान्य साठविलेले आहे त्या घराला सणांनी वर्ष मोजणे परवडते. ज्याला पहाटे मोटेवर जावयाचे आहे त्याचे वर्ष पिकाने मोजले जाते.

‘श्यामची आई’ : तिथींचे वर्ष आणि कर्जाचे वर्ष

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात लिहिले. आश्रमातील मित्रांना श्याम रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. या आठवणींचा आरंभच ज्येष्ठातील सावित्रीव्रताने होतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आई आजारी असल्यामुळे वडाच्या प्रदक्षिणा श्यामला घालाव्या लागतात आणि मुलगा असून बायकांचे व्रत करण्याची त्याला लाज वाटते. येथे ऋतू आईच्या अंगावरील एक कर्तव्य म्हणून अवतरतो. ती ते करू शकत नाही तेव्हा ते मुलाकडे येते आणि त्यातून त्याचे शिक्षण घडते.

‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात पावसाळ्यातील भरलेल्या विहिरी आहेत. पण त्या विहिरींचे सौंदर्य हा कथनाचा विषय नाही. भित्र्या मुलाला पाण्यात उतरविणारी, त्यासाठी मारणारी आणि नंतर जवळ घेणारी आई हा विषय आहे. ‘सांब सदाशिव पाऊस दे’ या प्रकरणात पाऊस लांबल्यावर सारा गाव महादेवाला साकडे घालतो. तेथेही आभाळाच्या वर्णनापेक्षा माणसांचे एकत्र येणे महत्त्वाचे ठरते. ‘आनंदाची दिवाळी’मध्ये भाऊबीजेची ओवाळणी आई स्वतःसाठी खर्च करीत नाही, त्या पैशांतून पतीसाठी धोतर येते. दिवाळीचा आनंद कोणाच्या त्यागातून निर्माण होतो, याचा एवढा नेमका हिशेब मराठीत फार थोड्या ठिकाणी आढळतो.

पुस्तकाच्या उत्तरार्धात मात्र दुसरेच वर्ष सुरू होते. कर्ज, तगादे आणि अब्रूचे धिंडवडे यांनी घर वेढले जाते. सावकाराच्या तगाद्याला ऋतू नसतो. तिथींनी बांधलेले वर्ष मोडत जाते आणि त्याबरोबर आईही खचत जाते. या कृतीची मर्यादाही येथेच दिसते. आईचे कष्ट निवेदक इतक्या श्रद्धेने पाहतो की ते तिच्याच वाट्याला का यावेत, हा प्रश्न त्याला पडत नाही. संस्काराची भाषा कष्टाला पावित्र्य देते आणि पावित्र्य दिलेल्या गोष्टीची चिकित्सा अवघड होते. अध्यापनात या पुस्तकाचे केवळ ‘मातृप्रेम’ उरते, याचे कारण काही अंशी पुस्तकाच्या निवेदनातच आहे.

‘जिणं आमुचं’ : आषाढाचा निराळा अर्थ

बेबी कांबळे यांचे कथन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात वीरगावच्या महारवाड्यातील आषाढाचे चित्र आहे. पांढरपेशा घरांत आषाढ हा लग्नकार्ये थांबण्याचा, चातुर्मास सुरू होण्याचा महिना. कांबळे यांच्या स्मृतीत मात्र तो घरे सारवण्याचा, न्हाण्याचा, गोडधोड खाण्याचा, देवीचे नवस फेडण्याचा, पोतराजाचा आणि रेड्याच्या बळीचा महिना आहे. उरलेल्या वर्षाच्या अर्धपोटी जगण्याच्या पार्श्वभूमीवर हा एकच महिना उजळलेला दिसतो.

या उजेडाचा अर्थ नीट लावावयास हवा. बलुत्याचे धान्य सुगीत, खळ्यावर मिळते. आषाढापर्यंत कोणत्याही गरीब घरातील साठा संपत आलेला असतो. म्हणजे हा आनंद सुबत्तेतून आलेला नाही. तो टंचाईच्या ऐन मध्यावर उभा केलेला आनंद आहे आणि म्हणूनच तो स्मृतीत एवढा ठसला असावा. एकाच महिन्याची आठवण दोन वस्त्यांत परस्परविरुद्ध असू शकते, हे या चित्रावरून स्पष्ट होते. ‘मराठी माणसाचा श्रावण’ किंवा ‘आपली दिवाळी’ असे सरसकट शब्दप्रयोग समीक्षेत करताना म्हणूनच संयम बाळगणे इष्ट ठरते.

कांबळे यांचे मोठेपण असे की त्या या आनंदाचेही उदात्तीकरण करीत नाहीत. ज्या वस्तीत आषाढाचे न्हाण आहे त्याच वस्तीत सासुरवाशिणीला पहाटेपूर्वी जात्यावर बसविले जाते. पळून जाणाऱ्या मुलीच्या पायात लाकडी खोडा अडकविला जातो, नाकही कापले जाते. अंगात येणे, नवस, बळी यांकडे त्या आंबेडकरी चळवळीने दिलेल्या दृष्टीतून मागे वळून पाहतात. माया आहे, पण भुलावण नाही. त्यांचे निवेदन ‘मी’पेक्षा ‘आम्ही’च्या बाजूला झुकलेले आहे, त्यामुळे येथे ऋतूची आठवण एका कुटुंबाची न राहता संपूर्ण वस्तीची होते.

‘झोंबी’ : पिकाचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

‘झोंबी’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या कथनातील वर्ष पूर्णतः पिकाचे आहे. ऊस, मोट, वाफ्यांना पाणी पाजणे, जनावरे चारणे आणि गुऱ्हाळ यांत मुलाचा दिवस वाटला गेला आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळाचे दिवस येतात. वडील आपले गुऱ्हाळ इतरांच्या आधी लावतात, कारण बाजारात गूळ कमी असताना भाव बरा मिळतो. ऊस रानात आणखी काही काळ ठेवला तर गूळ अधिक उतरतो, असा इतरांचा विचार असतो. वरवर पाहता हा शेतीचा तपशील आहे. परंतु गुऱ्हाळ लवकर आटोपले म्हणूनच मुलाला पुन्हा शाळेची गोष्ट काढण्यास अवसर सापडतो. ऋतूचे काम संपणे आणि शिक्षणाचा प्रश्न उभा राहणे यांचा असा थेट कार्यकारणसंबंध आहे.

मुलगा प्रथम आईशी बोलतो आणि दोघे गावातील वजनदार व्यक्तीकडे दाद मागतात. वडील तयार होतात, पण अटींवर : सकाळी रानात पाणी पाजावयाचे, तेथूनच अकराच्या शाळेला जावयाचे, सुटल्यावर जनावरे चारावयाची आणि रानात काम अधिक असेल त्या दिवशी शाळा बुडवावयाची. या अटी म्हणजे पिकाच्या वर्षाने शाळेच्या वर्षाला दिलेली तुटपुंजी जागा होय. पुढे हाच मुलगा पाणी पाजताना वर्गात ऐकलेल्या कविता मोठ्याने म्हणू लागतो आणि ज्या रानातील एकटेपणा त्याला खुपत होता तो हवासा वाटू लागतो. दोन वर्षे, दोन जगे एकाच वाफ्यावर भेटतात. यादवांच्या कथनातील हा क्षण ‘निसर्गवर्णन’ या खान्यात कोंबला तर त्याचा सारा ताण नाहीसा होतो.

तुलना

तिन्ही कृतींत ऋतू घराच्या उतरंडीतून झिरपत खाली येतो. तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. श्यामच्या घरी त्याचा भार आईवर, कांबळे यांच्या वस्तीत सासुरवाशिणीवर, यादवांच्या घरी मुलांवर आणि आईवर पडतो. दुसरे असे की, तिन्ही ठिकाणी आठवण सांगणारी व्यक्ती त्या ऋतुचक्रातून बाहेर पडलेली आहे : एक कारागृहात, दुसरी चळवळीच्या जाणिवेत, तिसरी शिक्षणाच्या जगात. चक्रात फिरत असलेल्या माणसाला ते आठवण्यास सवड नसते. मराठीतील कुटुंबस्मृती ही अशा प्रकारे सुटकेनंतरची स्मृती आहे. मात्र सुटका झालेला निवेदक मागे राहिलेल्यांकडे कसा पाहतो, यात भेद आहे. साने गुरुजी कृतज्ञतेने पाहतात, यादव जखमेसह पाहतात आणि कांबळे हिशेब मागत पाहतात.

निष्कर्ष

वरील विवेचन केवळ तीन पुस्तकांपुरते नाही. आजही महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचे वर्ष हंगामानेच तुटते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी निघालेली घरे पट्टा पडेपर्यंत कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर राहतात. नवराबायकोची जोडी मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून लिहिली जाते आणि घेतलेली उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. त्यांतील काही मुले सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहांत किंवा आजीआजोबांजवळ राहतात. पुढे त्यांतील काही जण आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत येऊन बसतात.

त्यांना ‘तुमच्या बालपणीचा आवडता ऋतू’ या विषयावर निबंध लिहावयास सांगणे म्हणजे त्यांच्या स्मृतीला परका साचा देणे होय. त्याऐवजी ‘तुमच्या घरात कोणत्या दिवसांत कोण कोणते काम करीत असे, आणि कोणाला विसावा मिळत नसे?’ असा प्रश्न विचारला तर त्यांना लिहिण्यासारखे पुष्कळ सापडेल; आणि ‘श्यामची आई’, ‘जिणं आमुचं’, ‘झोंबी’ या कृतीही त्यांना निराळ्या दिसू लागतील. समीक्षेची परिभाषा बदलणे हे काम अखेरीस वर्गातच होते. ‘निसर्गवर्णन’ या शब्दाच्या जोडीला ‘ऋतूचे कष्ट’ हा शब्दप्रयोग आपल्या टिपणांत आणि प्रश्नपत्रिकांत आला, तरी त्या कामाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.