लयीचे स्थलांतर आणि शैलीची ओळख

कलावंताने आपला रूढ प्रकार सोडून दुसऱ्या प्रकारात प्रवेश केला म्हणजे त्याची शैलीही मागे राहते, असा एक समज समीक्षेत दृढ झालेला आहे. या समजाच्या मुळाशी 'प्रकार' आणि 'शैली' या दोन संकल्पनांची सरमिसळ आहे. साहित्यात ती सहसा लपून राहते, कारण शब्द कवीची ओळख पटवून देतात. जेथे शब्द नाहीत, वादकाचा हातही प्रत्यक्ष दिसत नाही, अशा यंत्रनिर्मित संगीतात मात्र ती उघडी पडते. 'फोटेक' या नावाने प्रसिद्ध असलेला इंग्रज संगीतनिर्माता रूपर्ट पार्क्स याचा प्रवास या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

पार्क्सची ख्याती झाली ती 'ड्रम अँड बेस' या प्रकारात. १९९०नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये आकारास आलेल्या या प्रकाराची लय अतिद्रुत असते. मिनिटाला सामान्यतः १६० ते १८० मात्रा. तिच्या घडणीत जुन्या ध्वनिमुद्रिकांतील ढोलवादनाच्या तुकड्यांचा मोठा वाटा आहे. 'द विन्स्टन्स' या अमेरिकन वृंदाच्या १९६९ सालच्या 'अमेन, ब्रदर' या रचनेतील ग्रेगरी कोलमन याचे चार आवर्तनांचे, जेमतेम सात सेकंदांचे वादन हा त्यांतील सर्वांत परिचित तुकडा होय. तो सॅम्पलर यंत्रात घ्यावयाचा, त्यातील आघात सुटे करावयाचे, आणि नव्या क्रमाने व अधिक वेगाने मांडावयाचे, ही या प्रकाराची मूलभूत रीत. म्हणजे उच्चार उसना, परंतु वाक्यरचना स्वतःची.

या वाक्यरचनेवर पार्क्सचे असामान्य प्रभुत्व आहे. 'द हिडन कॅमेरा' (१९९६) आणि 'मोडस ऑपरेंडी' (१९९७) या संचांत त्याने तयार तुकड्यांची पुनरावृत्ती टाळून एकेक आघात स्वतंत्रपणे बसविलेला जाणवतो. त्याच वर्षीची 'नी-तेन-इची-र्यू' ही रचना मियामोतो मुसाशी या जपानी खड्गवीराच्या, दोन तलवारींनी लढण्याच्या संप्रदायाचे नाव धारण करते. तीत खड्गांचे ध्वनी केवळ सजावट म्हणून येत नाहीत. प्रहार, त्यानंतरची स्तब्धता आणि अनपेक्षित दिशेने येणारा दुसरा प्रहार, हाच तिच्या तालाचा न्याय आहे. येथे ऐकणाऱ्याला बांधून ठेवते ते पुढील आघात नेमका कोठे पडेल याविषयीचे अनिश्चित्य. वेग हे त्याचे केवळ साधन.

२००० साली 'सोलारिस' हा संच प्रसिद्ध झाला आणि या चाहत्यावर्गातील अनेकांचा विरस झाला. त्यात 'हाउस' या प्रकाराच्या रचनांना अग्रस्थान होते. शिकागोत उदयास आलेल्या या प्रकारात मिनिटाला साधारण १२० ते १३० मात्रा असतात आणि प्रत्येक मात्रेवर खर्जातील ढोलाचा समान आघात पडतो. 'माइन टु गिव्ह' या रचनेसाठी पार्क्सने शिकागोच्याच परंपरेतील गायक रॉबर्ट ओवेन्स याचा कंठ घेतला, आणि ती अमेरिकेतील नृत्यगीतांच्या यादीत प्रथम स्थानी पोहोचली. लोकप्रियतेसाठी स्वत्व सोडले, हा आक्षेप यानंतर सुलभ झाला.

आक्षेपाचा विचार करताना भाषाशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. भाषा ही समाजाची असते; व्यक्तिबोली त्या व्यक्तीची. मनुष्य दुसरी भाषा बोलू लागला म्हणजे त्याच्या पहिल्या भाषेचे व्याकरण सुटते. परंतु विरामाच्या जागा, बलाघात, सांगण्यापेक्षा सूचित करण्याकडे असलेली ओढ, यांपैकी काही ना काही सोबत येतेच. म्हणून प्रश्न विचारावयाचा तो असा : पार्क्सच्या व्यक्तिबोलीचे कोणते घटक स्थलांतर करू शकले आणि कोणते करू शकले नाहीत?

जे टिकले ते प्रथम पाहू. 'माइन टु गिव्ह'मध्ये ओवेन्सचा आर्त कंठ अग्रभागी आहे. त्याच्या भोवती ध्वनींची गर्दी नाही. खालून एक काळसर, हट्टी मंद्र स्वरावली चालत राहते आणि मधला अवकाश मोकळा ठेवला जातो. ही मितभाषिता 'मोडस ऑपरेंडी'च्या श्रोत्याला अपरिचित वाटू नये. जे गमावले गेले तेही तितकेच स्पष्ट आहे. प्रत्येक मात्रेवरचा आघात पूर्वनिश्चित झाला म्हणजे आघाताच्या स्थानाविषयीचा निर्णयच निर्मात्याच्या हातून जातो. पार्क्सची प्रतिभा ज्या निर्णयांत प्रकट होत होती, ते निर्णय या प्रकाराच्या व्याकरणाने त्याच्या वतीने आधीच घेतलेले आहेत. परिणामी 'सोलारिस'मधील काही रचना निर्दोष वाटतात, परंतु निर्दोष परभाषेप्रमाणे. चूक सापडत नाही आणि बोलणाराही सापडत नाही.

तुलनेसाठी गोल्डी या त्याच्या समकालीनाचे उदाहरण घेता येईल. १९९८च्या 'सॅटर्न्झ रिटर्न' या संचातील 'मदर' ही त्याची रचना सुमारे एक तासाची असून तीत वाद्यवृंदाचा विस्तृत उपयोग आहे. गोल्डीची मूळ प्रवृत्ती विस्ताराची. तिला वाद्यवृंदाने अधिक जागा दिली, किंबहुना गरजेपेक्षा अधिक दिली. पार्क्सची प्रवृत्ती वगळण्याची. तिला 'हाउस'ने अर्धीच जागा दिली. दोघांच्याही यशापयशाचे कारण नव्या प्रकाराच्या श्रेष्ठकनिष्ठतेत नाही. व्यक्तिबोली आणि नवे व्याकरण यांचा मेळ किती बसला, यात ते आहे.

पार्क्सच्या पुढील वाटचालीनेही या निष्कर्षाला पुष्टी मिळते. 'हाउ टु गेट अवे विथ मर्डर' (२०१४ ते २०२०) या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेला त्याने संगीत दिले. पार्श्वसंगीताला प्रसंगाच्या मागे राहावे लागते, ताण निर्माण करावा लागतो आणि वेळीच थांबावे लागते. आघात रोखून धरण्याची जी कला १९९७ साली तालाच्या अंगाने सिद्ध झाली होती, तिला येथे वेगळ्या प्रकारचे काम मिळाले.

तेव्हा प्रकारांतर म्हणजे प्रतारणा, हे समीकरण टिकत नाही. आणि प्रकारांतर म्हणजे विकास, हे त्याच्या उलटचे समीकरणही टिकत नाही. नुकसान झाले असल्यास ते कोणत्या घटकाचे झाले हे नेमकेपणाने दाखविणे, एवढेच समीक्षेच्या अधिकारात येते. पार्क्सच्या बाबतीत ते तालातील अनिश्चित्याचे झाले. मौनाचे झाले नाही. हा भेद न करता दिलेला निर्णय कलावंताविषयी काही सांगत नाही. तो केवळ श्रोत्याची सवय सांगतो.