'एफएससीके' प्रबंध : युनिक्स सर्व्हरच्या दोषनिवारणाच्या भाषेची एक चिकित्सा

प्रस्तावना

तांत्रिक लेखनाकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रूढ नाही. नियमपुस्तिका ही वापरण्याची वस्तू आहे, वाचण्याची नव्हे, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु महाविद्यालयाचा सर्व्हर अचानक बंद पडतो आणि पुन्हा सुरू होताना मध्येच थांबतो, तेव्हा संबंधित कर्मचाऱ्यासमोर पडद्यावरचे एक त्रोटक वाक्य आणि 'होय की नाही' एवढाच प्रश्न असतो. त्या वाक्याचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास निकालपत्रके, प्रवेशाच्या नोंदी आणि संशोधनाची सामग्री कायमची नष्ट होऊ शकते. म्हणूनच अशा वाक्यांमागील लेखनाचा विचार करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात मार्शल कर्क मॅकक्यूसिक आणि टी. जे. कोवाल्स्की यांच्या 'एफएससीके' या फाइल-व्यवस्था तपासणी कार्यक्रमावरील प्रबंधाची चिकित्सा केली आहे. १९८३ मध्ये प्रसृत झालेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतील नव्या फाइल-व्यवस्थेच्या संदर्भात हा प्रबंध लिहिला गेला.

प्रबंधाचे स्वरूप

या प्रबंधाची मांडणी लक्षणीय आहे. लेखक आरंभी उपाय सांगत नाहीत. निरोगी फाइल-व्यवस्था कशी असते ते सांगतात. संपूर्ण व्यवस्थेचे वर्णन करणारा सुपरब्लॉक, प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारा आयनोड आणि प्रत्यक्ष मजकूर साठवणारे ब्लॉक यांचे परस्परसंबंध प्रथम स्पष्ट केले जातात. बदल आधी स्मृतीत होतात व नंतर डिस्कवर उतरतात. मध्येच वीज गेली तर काही नोंदी नव्या आणि काही जुन्या राहतात. ही विसंगती हाच तपासणीचा विषय होय. तपासणीचे पाच टप्पे आहेत : ब्लॉक व आकार, मार्गनावे, जोडणी, संदर्भसंख्या आणि शेवटी मोकळ्या जागेचे हिशेब. परिशिष्टात प्रत्येक दोषसंदेश, त्याचा अर्थ आणि 'होय' वा 'नाही' म्हटल्यास होणारा परिणाम नोंदवला आहे.

गुणविशेष

या लेखनाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यातील विवेक. कार्यक्रमाच्या स्वयंचलित पद्धतीत केवळ अपेक्षित बिघाड, म्हणजे अचानक बंद पडल्यामुळे सहज संभवणारी विसंगती, विचारणा न करता दुरुस्त केली जाते. अनपेक्षित काही आढळताच कार्यक्रम थांबतो आणि माणसाला बोलावतो. सर्व्हर सुरू होताना अडतो, त्याचे एक कारण हेच असते. आपण या थांबण्याला बिघाड समजतो. वस्तुतः तो सावधपणा आहे.

दुसरा गुण 'लॉस्ट अँड फाउंड' या निर्देशिकेच्या योजनेत दिसतो. ज्या फाइलचे नाव कोणत्याही निर्देशिकेत उरलेले नाही, पण आयनोड शाबूत आहे, ती येथे केवळ आयनोडच्या क्रमांकाने ठेवली जाते. नाव हरवले म्हणून मजकूर टाकून दिला जात नाही. जुन्या दप्तरांचे जतन करणाऱ्या अभ्यासकाला ही भूमिका ओळखीची वाटेल.

मर्यादा

तथापि या प्रबंधाच्या काही मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. डिस्कवरील ब्लॉक वाचताच येत नाही, अशा प्रसंगी परिशिष्ट म्हणते की असे कधी घडू नये, आणि 'गुरू'ला भेटण्याचा सल्ला देते. आपल्याच भाषांतून इंग्रजीत गेलेला हा शब्द येथे सौम्य विनोदाने आला आहे. पण वाचकाला मदतीची सर्वाधिक गरज असते तेथेच ग्रंथ हात झटकतो. गुरू उपलब्ध नसेल तर अननुभवी कर्मचारी सर्वच प्रश्नांना 'होय' म्हणण्याचा पर्याय निवडतो. निकामी होत चाललेल्या डिस्कवर हे विशेष घातक ठरते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ही तपासणी रचनेची आहे, आशयाची नाही. फाइलची नोंद निर्दोष असूनही आतील मजकूर बिघडलेला असू शकतो. लिनक्समध्ये २००१ मध्ये आलेल्या एक्स्ट३ च्या रोजनिशीमुळे प्रदीर्घ तपासणीची गरज कमी झाली, परंतु आशयाची हमी त्यातूनही मिळाली नाही. २००५ मध्ये खुल्या झालेल्या झेडएफएसने मजकुराच्या प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-बेरीज ठेवून या प्रश्नाला उत्तर दिले.

तिसरा मुद्दा यंत्रणेच्या मौनाचा आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकांपुढे एक गंभीर बाब आली. मजकूर डिस्कवर उतरवण्याची 'एफसिंक' ही विनंती अपयशी ठरल्यावर लिनक्सचा गाभा त्या पानांना लिहून झालेली समजू शकत होता. परिणामी दुसऱ्या प्रयत्नात, मजकूर उतरलेला नसतानाही, यश कळवले जात होते. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत त्यावर उपाय आला. असे अपयश येताच डेटाबेस स्वतःहून कोसळतो आणि पूर्वनोंदींच्या आधारे पुन्हा उभा राहतो. खोट्या यशापेक्षा उघड अपयश श्रेयस्कर, हे तत्त्व येथे कृतीत उतरलेले दिसते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून असे म्हणता येईल की मॅकक्यूसिक व कोवाल्स्की यांच्या प्रबंधाचे महत्त्व त्यातील आज्ञांपेक्षा त्याच्या क्रमात आहे. आधी समजून घ्यावे, मग विचारावे, शेवटी बदलावे. व्यवहारात याचा अर्थ असा : प्रथम गाभ्याच्या नोंदी व डिस्कचे आरोग्य पाहावे, डिस्क संशयास्पद असल्यास तिची संपूर्ण प्रत काढून त्या प्रतीवरच काम करावे, तपासणी आधी काहीही न बदलता, केवळ वाचनापुरती चालवावी, त्यानंतरच दुरुस्तीला संमती द्यावी. 'बंद करून पुन्हा सुरू करा' हा आपल्या कार्यालयांतील सार्वत्रिक उपाय या क्रमाच्या नेमका विरुद्ध आहे, कारण तो स्मृतीतील पुरावा आधी पुसतो आणि कारण नंतर शोधू पाहतो.

संगणक विषयाच्या अभ्यासक्रमात आज्ञा शिकवल्या जातात. दोषसंदेशांचे वाचन मात्र शिकवले जात नाही. ते वाचन भाषेच्या आणि संगणकाच्या अध्यापकांनी एकत्र येऊन शिकवावे असा विषय आहे. 'होय' म्हणण्यापूर्वी प्रश्न काय आहे हे समजणे, हे दोन्ही शाखांचे समान कार्य होय.